प्रतिष्ठान नगरीत नातवंडांसमवेत



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडून ‘एखादा ऐतिहासिक लेख’ मागितला. मी इतिहासाचा पंडित नव्हे. फळ्यावर सनावळ्या लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले असा एक सामान्य शिक्षक आहे. तथापि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तीन नातवंडांना घेऊन श्रीक्षेत्र पैठण येथे जाण्याचा योग आला. त्या एका दिवसात मुलांना जे दाखविले, जे सांगितले आणि मुलांनी मला जे विचारले, ते येथे यथामति लिहून काढीत आहे. आपला स्वकुळ साळी समाज मूळचा विणकरांचा, आणि आपल्या भगवान जिव्हेश्वरांच्या परंपरेत पैठणला मोठे स्थान आहे. म्हणून हा विषय वाचकांस परका वाटणार नाही अशी आशा आहे.

छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटर गेले की पैठण येते. आम्ही सकाळच्या एस. टी. ने निघालो. बिडकीन मागे पडले, ढोरकीन मागे पडले, आणि धाकट्या नातवाने ‘आले का?’ हा प्रश्न सातव्यांदा विचारला. थोरला नातू नववीत, नात सातवीत आणि धाकटा पहिलीत. तिघांचे वय निराळे, प्रश्न निराळे आणि भुकेच्या वेळाही निराळ्या. मुलांना घेऊन इतिहास पाहावयास निघणाऱ्याने प्रथम दशम्या, पाण्याच्या बाटल्या आणि पुरेसा धीर बरोबर घ्यावा, असा माझा अनुभव आहे.

पैठण हे आज गोदावरीच्या उत्तर तीरावरील एक लहानसे तालुक्याचे गाव आहे. उंचसखल गल्ल्या, जुन्या वाड्यांच्या विटा, घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्या, असे त्याचे रूप. पाहणाऱ्यास सांगूनही खरे वाटू नये की, एके काळी हे दक्षिणापथातील अग्रगण्य नगर होते. ‘प्रतिष्ठान’ ह्या संस्कृत नावाचे प्राकृतात ‘पइठाण’ झाले आणि त्याचेच पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे जे वर्णन लिहून ठेवले, ते ‘पेरिप्लस’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात ह्या नगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोचला जात असे, असेही त्याने नमूद केले आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी ह्यानेही ‘बैठन’ म्हणून ह्याच नगराची नोंद केली आहे.

‘म्हणजे तेव्हा इथून कापड परदेशी जायचे?’ असे नातीने विचारले. मी म्हणालो, ‘होय. आणि ते कोणाच्या तरी मागावरच विणले जात असणार.’

मुलांना शालिवाहनाची कथा ठाऊक होतीच. कुंभाराच्या घरी वाढलेला मुलगा मातीचे घोडेस्वार करतो, त्यांत प्राण भरतो आणि शत्रूचा पराभव करतो. धाकट्याला ही कथा इतकी आवडली की, वाटेतल्या प्रत्येक मातीच्या ढेकळाकडे तो आदराने पाहू लागला. परंतु नववीतल्या मुलास कथा आणि इतिहास ह्यांतील सीमारेषाही दाखविली पाहिजे. शालिवाहन हे नाव सातवाहन ह्या राजकुलावरून आले, हे विद्वानांस मान्य आहे. मात्र इसवी सन ७८ पासून चालत आलेला आणि आपण पंचांगात ‘शालिवाहन शक’ म्हणून लिहितो तो शक सातवाहनांनी नव्हे, तर कुशाण सम्राट कनिष्काने किंवा पश्चिमेकडील क्षत्रपांनी सुरू केला असावा, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. शालिवाहनाचे नाव त्याला पुष्कळ शतकांनंतर जोडले गेले. ‘मग गोष्ट खोटी का?’ असे थोरल्याने विचारले. मी म्हटले, ‘गोष्ट म्हणून ती खरी; पुरावा म्हणून नव्हे. मातीतून माणसे उभी करणारा राजा लोकांना हवा होता, एवढे त्या कथेवरून कळते.’

ह्या सातवाहनांपैकी सर्वांत पराक्रमी राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने क्षहरात नहपानाचे राज्य बुडविले. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा उमटविलेला आहे. जिंकलेल्याच्या नाण्यावर विजेत्याचा ठसा, ह्याहून बोलका पुरावा तो कोणता? त्याच्या माता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यांत कोरविलेल्या लेखात ‘ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले’ असा त्याचा गौरव आहे. हे वाक्य आपण अभिमानाने मुलांकडून पाठ करवून घेतो. परंतु त्याच लेखात त्याची आणखी एक स्तुती आहे, ती आपण बहुधा सांगत नाही. त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबविली, असेही तेथे मोठ्या गौरवाने कोरले आहे. शिक्षक असताना मीही ते वाक्य गाळीत आलो. ह्या वेळी गाळले नाही. मुलांनी ते ऐकून घेतले आणि पुढे चालू लागली. त्याचा उपयोग पुढे होणार होता.

नाशिकच्या त्याच लेण्यांत आणखी एक लेख आहे, आणि आपल्या समाजातील प्रत्येक मुलाने तो जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते. तो नहपानाचा जावई उषवदात ह्याचा आहे. त्याने एक लेणे भिक्षुसंघास दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव ठेवली कोठे? राजाच्या खजिन्यात नव्हे, सावकाराकडेही नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक ह्या दराने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण ह्या दराने.

झाडाखाली दशम्या खाता खाता मी हे गणित मुलांना घातले. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास वीस, आणि वर्षास २४०. लेखात पुढे म्हटले आहे की, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. नातीने बोटे न मोजता उत्तर दिले आणि हिशेब तंतोतंत जुळला म्हणून टाळी वाजविली. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दगडात कोरलेला हिशेब सातवीतल्या मुलीने पडताळून पाहावा, ह्यात मला मोठे समाधान वाटले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे विणकर आपल्याच कुळाचे पूर्वज होते, असे म्हणण्यास कोणताही पुरावा नाही. ज्ञातीच्या स्मरणिकांतून आपण पुष्कळदा उत्साहाच्या भरात प्रत्येक प्राचीन थोर पुरुष आपल्या वंशावळीत ओढून आणतो. तो मोह टाळावा. परंतु धंदा आपला होता हे खरे, आणि त्या धंद्यातील माणसांचा शब्द इतका भरवशाचा मानला जात होता की, राजाचा जावई आपले धन त्यांच्या हाती कायमचे सोपवीत होता, हेही खरे. एवढा अभिमान आपणास पुरे.

दुपारी पैठणीचे विणकाम पाहावयास गेलो. हातमागावर एक विणकर भगिनी पदर विणीत होत्या. पैठणीचे वैशिष्ट्य असे की, पदरावरील मोर, पोपट, कमळ वा असावलीची वेल ही मागून भरलेली नक्षी नसते. ती विणतानाच उमटत जाते. प्रत्येक रंगाची निराळी लहान कांडी असते, आणि ताण्याच्या जितक्या धाग्यांवर तो रंग हवा तितक्यांतूनच ती फिरवून परत आणावयाची. शेजारच्या रंगाचा धागा आला की दोन्ही एकमेकांत गुंतवावयाचे. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ सुलट बाजूसारखाच दिसतो. असा भरीव पदर दिवसभर बसून काही इंचच पुढे सरकतो, आणि एका साडीस काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत काळ लागतो.

पेशव्यांच्या घराण्यात ह्या वस्त्राची मोठी आवड होती. नानासाहेब पेशव्यांचे दुसरे लग्न डिसेंबर १७६० मध्ये पैठण येथेच झाले. त्याच महिन्यात पानिपतावर मराठ्यांची फौज अन्नावाचून तळमळत होती, आणि पुढल्याच महिन्यात, १४ जानेवारी १७६१ रोजी, सर्वनाश झाला. रेशमाच्या इतिहासात असेही धागे गुंतलेले आहेत.

धाकटा मागासमोर खिळून उभा होता. त्याने एकाएकी विचारले, ‘आजोबा, आपण साळी ना? मग तुम्ही विणून दाखवा ना!’

मागावरील भगिनी हसल्या आणि बाजूस सरून त्यांनी मला जागा करून दिली. मी बसलो. पाय पावड्यांवर ठेवले; पण हाताला काय करावयाचे ते कळेना. माझे आजोबा जन्मभर मागावर बसले. वडिलांनी अर्धे आयुष्य माग चालविला आणि अर्धे दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजले. मी शाळेत नोकरीस लागलो तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि त्याच वर्षी घरातला माग मोडून त्याचे लाकूड चुलीत घातले. त्या वेळी मला त्याचे काडीमात्र दुःख झाले नाही. उलट घरात उजेड आला असे वाटले. मागाने आम्हांस पोटभर अन्न दिले नव्हते, शाळेने दिले, हे नाकारून कसे चालेल? परंतु त्या दिवशी तीन नातवंडांसमोर रिकाम्या हातांनी मागावर बसलो असता मनात आले की, पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या माझ्या एका पिढीत संपली, आणि ती संपताना मी तिला नीट निरोपही दिला नाही. मी धाकट्यास सांगितले, ‘बाळ, मला येत नाही.’ तो म्हणाला, ‘मग ह्या मावशींना विचारा, त्या शिकवतील.’ त्या भगिनी आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. परंपरेने ज्यांच्या घरी माग नव्हता अशा अनेक स्त्रियांनी ही कला पुढे शिकून घेतली आहे, आणि आज तिला जगविणाऱ्यांत त्याही आहेत. त्यांनी धाकट्याचा हात धरून एक धागा त्याच्याकडून घालविला. त्या पदरात कोठे तरी तो धागा आहे.

तेथून नागघाटाकडे गेलो. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांच्या चार मुलांना समाजाने वाळीत टाकले, आणि ती मुले शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर येऊन उभी राहिली. रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा ह्याच घाटाशी निगडित आहे. चमत्कार बाजूस ठेवला तरी एक सत्य उरते. पुढे १२९० साली ज्याने ज्ञानेश्वरी सांगितली, त्याला त्याच्या बालपणी ‘तुम्ही आमचे नव्हेत’ असे सांगण्यात आले होते.

मग नाथांचा वाडा. पैठणमध्ये नाथांची दोन स्थाने आहेत: गावातील राहता वाडा आणि नदीकाठचे समाधिमंदिर. वाड्यात श्रीखंड्याच्या कथेतील रांजण पाहून मुलांना विशेष कुतूहल वाटले. सोळाव्या शतकातील हा थोर पुरुष देवगिरीच्या जनार्दनस्वामींचा शिष्य. त्याने भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केली, आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहून तिचा पाठ शुद्ध केला. हस्तलिखितांत शिरलेले अपपाठ काढून टाकण्याचे हे कार्य आजच्या संशोधकासही आदर्शवत्‌ आहे. ज्याने विद्वानांसाठी टीका लिहिली, त्यानेच भारुडे रचून जोशी, गोंधळी, वासुदेव ह्यांच्या तोंडी अध्यात्म घातले, आणि ‘जोहार’ लिहून गावकुसाबाहेरच्या माणसाची भाषा देवासमोर उभी केली.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी ती सर्वपरिचित कथा सांगितली. भर दुपारी तापलेल्या वाळवंटात एक लहान मूल रडत होते. ते अस्पृश्य मानलेल्या समाजातले होते. नाथांनी ते कडेवर घेतले, त्याचे नाक-डोळे पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोचविले. ही कथा मी शाळेत दर नाथषष्ठीस सांगत आलो आहे. मुले नेहमी गप्प ऐकत. ह्या वेळी नातीने विचारले, ‘आजोबा, नाथ येण्याआधी तिथे बाकीचे लोक होते ना? ते काय करत होते?’

मी म्हणालो, ‘बघत असतील.’

‘नुसते बघत?’

ह्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून द्यावे लागले नाही. नोकरीच्या आरंभीची, १९८३ च्या सुमाराची गोष्ट. एका खेड्यातील शाळेत मी नाथषष्ठीच्या दिवशी हीच कथा रंगवून सांगितली. तास संपला, मुले पाणी पिण्यास गेली. घागरीशी एक मुलगा ओंजळ करून उभा होता आणि दुसरा मुलगा वरून पाणी ओतीत होता. बाकीच्यांनी आपापल्या हाताने प्याला बुडविला. त्याला तशी मुभा नव्हती. मी दारात उभा राहून पाहिले. कायदा मला ठाऊक होता. १९५५ सालापासून अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे. कथाही मला ठाऊक होती. ती दहाच मिनिटांपूर्वी मीच सांगितली होती. परंतु नोकरी नवी होती, गाव परके होते, आणि मी काही बोललो नाही. त्या मुलाने पाणी पिऊन ओंजळ झटकली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि तो वर्गात जाऊन बसला.

हे मी नातीला सांगितले. आजवर घरात कोणास सांगितले नव्हते. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, ‘त्याचे नाव काय होते?’ ते नाव मला आठवते, तिला सांगितले. येथे लिहीत नाही. थोरला नातू मात्र म्हणाला, ‘म्हणजे तो राजा सरमिसळ थांबवतो म्हणून त्याची स्तुती, आणि नाथ ती करतात म्हणून त्यांची स्तुती. दोघेही पैठणचेच.’ चाळीस वर्षे इतिहास सांगून मला हे एका वाक्यात मांडता आले नव्हते.

सायंकाळी नाथसागरावर गेलो. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते बसली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण आहे. त्यास सत्तावीस दरवाजे आहेत. मराठवाड्याच्या कोरड्या जमिनीस त्याने पाणी दिले, आणि ते देताना अनेक गावे त्याच्या पोटात गेली. थंडीच्या दिवसांत दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात. मुलांनी ते मोजण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. धाकटा परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर झोपी गेला.

ज्ञातिबंधूंनो, लेख येथे संपवावयास हरकत नव्हती. परंतु त्या दिवसापासून एक विचार मनात घोळत आहे, तो मांडतो. उषवदाताच्या लेखातील एक शब्द मी मुलांना वगळून सांगितला होता, तो आता सांगतो. ज्या भिक्षूंना विणकरांच्या श्रेणीतून वस्त्रे मिळावयाची, त्या संघास लेखात ‘चातुर्दिश’ म्हटले आहे. म्हणजे चारही दिशांतून येणारा. विणकरांच्या हाती सोपविलेल्या धनाचे व्याज कोणा विशिष्ट गावच्या वा कुळाच्या माणसासाठी नव्हते. त्या पावसाळ्यात जो दाराशी येईल त्याच्या अंगावर वस्त्र असावे, एवढ्यासाठी होते.

आपल्या मंडळाचा विद्यार्थी पुस्तकनिधी आहे. तो आपल्या पूर्वजांनी पै-पैशाने जमविला, आणि माझीही इयत्ता आठवीची पुस्तके त्यातूनच आली होती. त्याचे ऋण मी विसरलेलो नाही. त्या काळी आपली मुले अडाणी राहू नयेत म्हणून तो आपल्यापुरता ठेवणे योग्यच होते. आता आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती सुधारली आहे. म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे मी असा ठराव मांडू इच्छितो की, निधीच्या व्याजाचा निदान चौथा हिस्सा ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांसाठी राखावा, आणि अर्जाच्या नमुन्यात त्यांस जात विचारू नये. काही वडीलधाऱ्यांस हे रुचणार नाही ह्याची मला जाणीव आहे. त्यांचा रोष पत्करूनही मी हे लिहीत आहे. कारण एकदा दारात उभा राहून गप्प बसलो होतो, तेवढे एकदाच पुरे.

दुसरी विनंती साधी आहे. आपापल्या मुलाबाळांना घेऊन एकदा पैठणास जावे. ज्यांच्या घरी जुना धोटा, फणी वा मागाचे एखादे लाकूड अद्याप असेल, त्यांनी ते टाकू नये. मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. माझ्या घरचे तर राखेत गेले.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी. इत्यलम्‌.